घरच्या कार्यशाळेसाठी जुना लेथ: घ्यावा की न घ्यावा याचा एक अनुभव

लेथ, म्हणजे धातूचा नग फिरवत ठेवून त्याला टूलने कातणारे यंत्र, घ्यायचा की नाही, हे ठरवण्याआधी त्यावर नेमके काय करायचे आहे ते कागदावर उतरवावे लागते. मी कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि प्रात्यक्षिकांसाठी लागणारी बरीचशी साधने घरामागच्या शेडमध्ये स्वतः तयार करते. ड्रिल मशीन, ग्राइंडर आणि व्हाइस एवढ्यावर आजवर भागत होते. जे भागत नव्हते ते उद्यमनगर या इथल्या औद्योगिक वसाहतीत करून घेत होते. जून २०२३ मध्ये, कॉलेज सुरू होण्याआधीच्या मोकळ्या दिवसांत, मी गेल्या काही वर्षांच्या पावत्या काढून बसले आणि बाहेर दिलेल्या कामांची यादी केली. पितळेचे बुश, ॲल्युमिनियमच्या पुली, प्रकाशीय पट्टीवर सरकणारे स्टँड, लंबकांचे गोळे, मेट्रिक आट्यांचे स्क्रू आणि त्यांचे नट अशी ती कामे होती. बहुतेकांचा व्यास ३ इंचांच्या आत आणि लांबी फुटाच्या आत होती. पुढचे सगळे निर्णय मी या यादीवर पारखून घेतले, म्हणून तिचा उल्लेख आधी करते.

याच पावत्यांनी पहिला आक्षेपही समोर ठेवला. बाहेरच्या कामांवर माझा वर्षाला सरासरी नऊ हजार रुपये खर्च होत होता. उद्यमनगर घरापासून काही किलोमीटरवर, तिथल्या टर्नर, म्हणजे लेथ चालवणाऱ्या, मंडळींचा हात जन्मभराच्या सवयीने बसलेला. मग दीड लाख रुपये घालून आपण लेथ का आणावा, असे घरातून विचारले गेले आणि तो प्रश्न रास्त होता. पैशांच्या हिशेबात हौशी माणसाचा लेथ बसत नाही, हे मला तेव्हाच मान्य करावे लागले. माझी अडचण पैशांपेक्षा वेगळी होती. एकच नग हवा असतो, त्यात अर्धा मिलिमीटर कमी करून पुन्हा बसवून बघायचे असते, पुन्हा थोडे कमी करायचे असते, आणि ज्या माणसाच्या हाती दोनशे नगांची ऑर्डर आहे त्याला अशा कामासाठी मशीन थांबवायला सांगणे योग्य नव्हे. शिवाय मला हे काम स्वतः शिकायचे होते. ही दोन कारणे पुरेशी आहेत, असे घरात सगळ्यांशी बोलून ठरल्यावरच मी शोधाला लागले.

नवीन घ्यावा की जुना, हा पुढचा प्रश्न होता. राजकोट आणि बटाला येथे तयार होणारे साडेचार फुटी नवे लेथ माझ्या आवाक्याच्या काठावर होते. आपल्याकडे लेथ बेडच्या (सगळे भाग ज्यावर बसतात त्या लांब पायाच्या) लांबीवरून, फुटांत, ओळखला जातो, हे नवख्या माणसाने लक्षात ठेवावे, कारण त्यातून दोन सेंटरांमधले अंतर, म्हणजे दोन टोकांत किती लांब नग धरता येईल ते, थेट कळत नाही. ते वेगळे विचारावे लागते. टेबलावर बसणारे छोटे परदेशी मिनी लेथही पाहिले, परंतु त्यांच्या हलक्या अंगामुळे पोलादावर जरा खोल कट घेतला की मशीन थरथरते. जुन्या लेथचे आकर्षण इथेच आहे. त्यांचे बिडाचे ओतीव अंग जड असते, आणि कंपन गिळून टाकण्याचा बिडाचा गुण कामाच्या पृष्ठभागावर स्पष्ट दिसतो.

इंग्लंडमधील मायफोर्ड कंपनीचा एमएल-७ हा घरगुती कार्यशाळांमध्ये जगभर मान मिळवलेला लेथ. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, १९४६ मध्ये, तो बाजारात आला. सेंटरची उंची (बेडपासून फिरण्याच्या अक्षापर्यंतचे अंतर) साडेतीन इंच, म्हणजे माझ्या यादीला अगदी पुरेसा. मुंबईतील एका ओळखीच्या गृहस्थांकडे तो विक्रीला असल्याचे जुलैमध्ये कळले, पण अपेक्षित किंमत माझ्या संपूर्ण अंदाजपत्रकाएवढी होती आणि प्रत्येक सुटा भाग परदेशातून मागवावा लागणार होता. त्याचा मोह सोडणे मला जड गेले. सरकारी संस्थांच्या ई-लिलावांतही जुने लेथ निघतात. मी तो मार्गही तपासला. तिथे माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर विकला जातो, पुष्कळदा अनेक यंत्रांचा एकच लॉट असतो, अनामत रक्कम आधी भरावी लागते, आणि लिलाव जिंकल्यावर ठरलेल्या मुदतीत स्वतःची क्रेन व मजूर नेऊन माल उचलावा लागतो. मशीन चालवून पाहण्याची सोय मात्र बहुधा नसते. एकच लेथ हवा असणाऱ्या व्यक्तीसाठी तो मार्ग नाही, असे माझे मत झाले.

ऑगस्टमध्ये एक लेथ फारच स्वस्तात मिळत होता. ताजा हिरवा रंग, चकचकीत हँडल, किंमत पन्नास हजारांच्या आत. माझ्याबरोबर एक सेवानिवृत्त टर्नर आले होते, ज्यांना उद्यमनगरात सगळे मामा म्हणून ओळखतात. त्यांनी रंगाकडे पाहिलेही नाही. बेडच्या खालच्या बाजूला, दोन आडव्या फासळ्यांच्या मधे, त्यांनी हात घातला आणि बोटांवर आलेला वाळलेला, पिठासारखा मऊ गाळ मला दाखवला. “ताई, रंग कुणीबी देतंय. हे पाण्यात हुतं,” एवढेच ते म्हणाले. कोल्हापूर आणि सांगलीत ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कितीतरी कारखान्यांमध्ये पाणी शिरले होते, आणि त्यांतली यंत्रे पुसून, रंगवून पुन्हा बाजारात येतात. हेडस्टॉकचे, म्हणजे नग फिरवणारे गिअर ज्यात असतात त्या पेटीचे, झाकण उघडल्यावर आतल्या भिंतीवर आडवी तांबूस रेघ दिसली, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. आमच्या भागात जुने यंत्र घेणाऱ्याने पहिला प्रश्न पुराचा विचारावा, आणि उत्तर तोंडी न घेता फासळ्यांमध्ये, गिअरबॉक्सच्या तळाशी आणि मोटारीच्या आत शोधावे.

त्यानंतर काही आठवडे काहीच हाती लागले नाही. सप्टेंबरच्या अखेरीस मामांनीच निरोप दिला. उद्यमनगरातील एक कार्यशाळा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, यंत्रांसाठी जागा मोकळी करत होती आणि तिथला म्हैसूर किर्लोस्करचा एंटरप्राइज मालिकेतला लेथ विकायचा होता. म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी १९४१ मध्ये तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे सुरू झाली. नांगरासाठी ओळखल्या जाणाऱ्या किर्लोस्कर उद्योगाची ती यंत्रनिर्मितीतील शाखा. कारखाना बंद होऊन बरीच वर्षे लोटली आहेत, तरी तिचे लेथ दक्षिण महाराष्ट्रात आजही गल्लोगल्ली चालू आहेत, आणि म्हणूनच त्यांची नस ओळखणारी माणसे इथे सापडतात. जुन्या यंत्राचा नामवंतपणा माझ्या दृष्टीने यासाठीच महत्त्वाचा ठरला. दुरुस्तीचे ज्ञान जवळपास उपलब्ध असेल, तर कारखाना बंद असला तरी चालते.

पाहणीचा दिवस ७ ऑक्टोबर, शनिवार. मशीन जागेवर, वीज जोडलेली आणि रोजच्या वापरातली होती. मशीन चालू अवस्थेत पाहायला मिळणे हा मोठा लाभ असतो. वीज तोडून कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्राची किंमत मी निम्मी धरली असती. सेंटरची उंची साडेसहा इंच, दोन सेंटरांमध्ये तीस इंच. मी डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणारे), मॅग्नेटिक स्टँड, फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पत्त्या) आणि एक सरळ पट्टी बरोबर नेली होती.

मामांनी सुरुवात बेडपासून केली. सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ, म्हणजे नग धरणाऱ्या पकडीजवळ, आणून त्याचा लॉक असा आवळला की ते जेमतेम सरकेल, आणि मग ते टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे, न्यायला सांगितले. चकजवळ बेड सर्वांत जास्त वापरला जातो आणि टेलस्टॉककडे जवळजवळ कोरा राहतो. त्यामुळे झीज फार असेल तर पुढे गेल्यावर सॅडल अडते. इथे ते मध्यापुढे घट्ट होत गेले, पण थांबले नाही. सपाट भागावर पट्टी ठेवली, तेव्हा चकपासून वीतभर अंतरावर पट्टीखालून ०.०५ मि.मी.ची पत्ती सरकली, ०.१० ची सरकली नाही.

ही झीज स्वीकारावी का, हे ठरवताना माझ्या विषयाचा मला उपयोग झाला. बेड खाली झिजला की टूल खाली जाते, पण कामाच्या व्यासावर त्याचा परिणाम फार थोडा होतो. पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या नगावर टूल ०.१ मि.मी. खाली गेले तर व्यासात जेमतेम ०.०००८ मि.मी. फरक पडतो, कारण टूल त्या जागी वर्तुळाच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सरकते. झीज आडव्या दिशेने, म्हणजे सॅडलला वाट दाखवणाऱ्या व्ही-आकाराच्या उंचवट्याच्या बाजूवर असेल, तर मात्र टूल जितके मागे सरेल त्याच्या दुप्पट फरक व्यासात पडतो. म्हणून सपाट भागावरचे ओरखडे पाहून घाबरू नये आणि व्हीच्या कडा मात्र बोटाने चाचपून पाहाव्यात. आमच्या मशिनच्या व्हीवर चकजवळ बारीक पायरी बोटाला लागत होती. ती किती नडेल, हे केवळ कट घेऊनच कळणार होते.

त्यानंतर स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा मुख्य दंड. डायलचे टोक स्पिंडलच्या नाकावर टेकवून, चकमध्ये लांब दांडा धरून तो हाताने वर उचलला. काटा ०.०१५ मि.मी. हलला. मामांच्या मते बेअरिंगचा नट किंचित आवळून हे आणखी कमी होण्यासारखे होते. मग एकेक गिअर टाकून मशीन सर्व वेगांवर चालवले. बाकी सगळीकडे आवाज एकसारखा होता. मधल्या एका वेगावर मात्र फिरत्या गतीशी जुळणारी टकटक ऐकू आली. झाकण काढल्यावर एका गिअरच्या दात्याचा कोपरा उडालेला दिसला. तळाच्या तेलात चुंबक फिरवला, तर काळी बारीक लव आली, पण पोलादाचे तुकडे आले नाहीत. मोडलेला कोपरा केव्हाचाच बाहेर काढला गेला होता आणि पुढचे नुकसान झाले नव्हते, असा त्याचा अर्थ. क्रॉसस्लाइडच्या, म्हणजे टूल आडवे पुढे-मागे नेणाऱ्या भागाच्या, हँडलमध्ये बराच मोकळेपणा होता. पण टूल नेहमी एकाच दिशेने पुढे आणून काम करायचे असल्याने तो खपण्यासारखा आहे. तीन जॉचा (जबड्यांचा) चक मात्र पुढच्या टोकाला फाकलेला होता, आणि त्यात धरलेला ग्राउंड (घासून अचूक गोल केलेला) दांडा ०.२ मि.मी. लपकत होता. तो बदलावाच लागणार होता.

शेवटी चाचणीचा कट. पंचवीस मिलिमीटरच्या दांड्यावर शंभर मिलिमीटर अंतराने दोन कॉलर, म्हणजे उंच कडी, सोडून, टेलस्टॉकचा आधार न देता, एकाच सेटिंगवर दोन्हींवरून हलका कट घेतला. मायक्रोमीटरने मोजल्यावर दोन व्यासांत ०.०४ मि.मी. फरक आला. त्यांच्या जमिनीवर मशीन समपातळीत नव्हते, त्यामुळे या फरकात बेडच्या पिळाचा वाटा होता हे उघड होते. वाटा किती, ते माझ्या जमिनीवर बसवल्याखेरीज कळणार नव्हते. त्या संध्याकाळी घरी येताना मन थाऱ्यावर नव्हते. आवडले होते, पण पुरते पटले नव्हते.

पटण्याच्या आड मुख्य गोष्ट आली ती आट्यांची. या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू, इंचाचा आहे, इंचाला चार आटे. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, तरी इंचाचे लीड स्क्रू असलेले लेथ नंतरही दीर्घकाळ वापरात राहिले. माझ्या यादीत तर सगळे आटे मेट्रिक. एक इंच म्हणजे २५.४ मि.मी., आणि २५.४ ची पाचपट १२७. म्हणून इंचाच्या लेथवर अचूक मेट्रिक आटे पाडायला १२७ दात्यांचा गिअर लागतो. १२७ ही मूळ संख्या असल्याने दुसऱ्या गिअरांच्या गुणाकारातून ती मिळत नाही. विक्रेत्यांकडे तो गिअर नव्हता आणि तेवढा मोठा गिअर शेजारच्या झाकणात मावणारही नव्हता. यावर जुना उपाय आहे: १२७ आणि १०० च्या जोडीऐवजी ८० आणि ६३ दात्यांची जोडी वापरणे. १.२७ ऐवजी १.२६९८ हे प्रमाण मिळते, म्हणजे आठ हजारांत एकाची चूक. पंचवीस मिलिमीटर लांबीच्या आट्यांवर ती ०.००३ मि.मी. होते, आणि माझ्या स्क्रूंना ती जाणवण्याचा प्रश्नच नव्हता.

गिअर कापून घेण्यासाठी दात्यांचे माप माहीत हवे. मशिनवरच्या चाळीस दात्यांच्या गिअरचा बाहेरचा व्यास वर्नियरवर बरोबर तीन इंच भरला. दात्यांत दोन मिळवून व्यासाने भागले, ४२ भागिले ३, म्हणजे १४ डीपी (दात्यांच्या आकाराचे इंची माप). ही आकडेमोड घेऊन उद्यमनगरातच एका गिअर कटरकडे गेले. त्यांनी दोन्ही गिअरांचे ३,४०० रुपये सांगितले आणि हेडस्टॉकमधल्या दाता उडालेल्या गिअरच्या जागी नवा करून देण्याचे २,८००. जुना लेथ घेणाऱ्याने चेंज गिअरांचा (आट्यांच्या मापानुसार बदलायच्या गिअरांचा) पूर्ण संच, स्टेडी रेस्ट (लांब नगाला मधे आधार देणारा भाग), चार जॉचा चक, फेसप्लेट (नग बोल्टने बांधायची तबकडी) आणि चाव्या जागेवर मोजून घ्याव्यात, कारण या सुट्या वस्तू नंतर जमवताना मूळ किमतीचा मोठा हिस्सा निघून जातो. चार जॉचा चक आणि फेसप्लेट इथे होती. स्टेडी रेस्ट नव्हते.

विजेचा प्रश्न त्याच काळात सोडवत होते. लेथची मोटार तीन फेजची, २ एच.पी., ४१५ व्होल्टची, आणि आमच्या घराला जोडणी एक फेजची. तीन फेजची नवी जोडणी घ्यायची की व्हीएफडी, म्हणजे एक फेज घेऊन मोटारीला तीन फेज देणारा ड्राइव्ह, बसवायचा, याबद्दल मी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराशी बोलले. आपल्याकडे या क्षमतेच्या मोटारी साधारणपणे स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचे एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेल्या असतात. त्याच मोटारीची जोडणी डेल्टामध्ये (टोकाला टोक जोडून त्रिकोणात) केली की ती २३० व्होल्टच्या तीन फेजवर चालते, आणि एवढा व्होल्टेज एक फेजवरचा व्हीएफडी देऊ शकतो. त्यासाठी वाइंडिंगची सहाही टोके बाहेर असावी लागतात. आमच्या मोटारीची तीनच बाहेर होती. रिवाइंडिंगवाल्यांनी ती उघडून उरलेली टोके काढून देण्याचे आठशे रुपये सांगितले. व्हीएफडीला १३,२०० रुपये लागणार होते. व्हीएफडीमुळे वेग हवा तसा बदलता येतो हा फायदा. मात्र फार कमी वेगावर मोटारीचा पंखाही मंदावतो आणि ती तापते, म्हणून मोठी घट गिअरनेच करावी. आणखी एक धोका कोणी सहसा सांगत नाही. ज्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो, त्यावर व्हीएफडीने झटक्यात ब्रेक लावला किंवा मोटार एकदम उलटी फिरवली, तर चक उकलून बाहेर येऊ शकतो. मी थांबण्याचा काळ मुद्दाम लांब ठेवून घेतला आहे.

वीजबिलावर आमचा मंजूर भार ३ किलोवॅट होता. तो ५ करण्यासाठी महावितरणच्या संकेतस्थळावरून ३० ऑक्टोबरला अर्ज केला. अलीकडचे बिल, ओळखपत्र, मालकीचा पुरावा आणि विद्युत कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडला. अर्जात वापर वैयक्तिक छंदासाठी असल्याचे नमूद केले. सुरक्षा ठेवीसह भरावयाची रक्कम सुमारे २,४०० रुपये आली आणि नोव्हेंबरअखेरीस वाढीव भार मंजूर झाला. ज्यांना घरी पैसे घेऊन कामे करायची असतील, त्यांनी दराचा वर्ग कोणता लागू होईल हे अर्ज करण्यापूर्वीच कार्यालयात विचारून घ्यावे.

घराच्या बाबतीत दोन गोष्टी निर्णायक होत्या. शेड तळमजल्यावर, पूररेषेच्या बाहेर. आणि मशीन सुमारे पाऊण टनाचे. जुन्या कोब्याला चिरा होत्या, म्हणून लेथच्या जागेपुरता तो फोडून जाळी टाकून सहा इंचांचा नवा काँक्रीटचा थर घातला, त्याला अकरा हजार रुपये लागले. सासूबाईंची काळजी आवाजाची आणि मुलांच्या सुरक्षिततेची होती. शेडला कुलूप, मशीनजवळ हाताशी लाल इमर्जन्सी स्विच, आणि मशीनवर ओढणी, बांगड्या, मोकळे केस व हातमोजे यांना बंदी, हे नियम त्यांच्यासमोरच लिहून भिंतीवर लावले. लेथवर हातमोजे घालणे सुरक्षित वाटते, परंतु फिरत्या नगात अडकलेला मोजा हात आत ओढून नेतो. म्हणून ही बंदी सर्वांत महत्त्वाची.

निर्णय नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाला. कागदावर एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला दाता उडालेला गिअर, चक, मोटार, वीज, जमीन आणि वाहतूक असे सगळे खर्च लिहिले, तेव्हा दिसले की मशिनच्या किमतीखेरीज साठ हजारांच्या आसपास लागणार. वजनाच्या हिशेबाने भंगारात त्याचे अठ्ठावीस-तीस हजार येतील, म्हणजे अगदी वाईट परिस्थितीत किती बुडेल तेही समजले. विक्रेत्यांनी ९५,००० आणि कर अशी किंमत सांगितली होती. मी गिअर आणि चकचा खर्च त्यांच्यासमोर आकड्यांनी मांडला, आडपडदा ठेवला नाही. शेवटी ७८,००० वर ठरले. पक्क्या बिलाचा आग्रह धरला. अठरा टक्के जीएसटीचे १४,०४० धरून एकूण ९२,०४० रुपये झाले. बिलावर यंत्राचा क्रमांक लिहून घेतला. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) लागत नाही, त्यामुळे तेवढे एक काम वाचले. विनाबिल दहा-बारा हजार वाचवण्याचा मार्ग अनेक जण सुचवतात. मला तो पटला नाही, आणि पुढे विकायची वेळ आली तर हेच बिल कामाला येईल.

मशीन १० डिसेंबरला हलवले. हायड्रा (छोटी फिरती क्रेन), टेम्पो आणि मजुरी मिळून ७,३०० रुपये झाले. पट्टा बेडखालून घातला, स्पिंडल किंवा लीड स्क्रूला अजिबात लावला नाही. सॅडल आणि टेलस्टॉक मागे सरकवून तोल साधला, कारण हेडस्टॉकच्या बाजूला वजन फार असते आणि लेथ वरच्या अंगाला जड असल्याने कलंडायला वेळ लागत नाही. आमच्या बोळात हायड्रा शिरत नाही. फाटकापाशी उतरवून तिथून शेडपर्यंत लोखंडी पाइपांवर ढकलत नेला, पुढचा पाइप मोकळा झाला की मागून काढून पुढे टाकायचा, आणि दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे घेऊन एकेक माणूस. मी पूर्ण वेळ श्वास रोखून उभी होते.

पुढचा महिनाभर रॉकेल, ब्रश आणि चिंध्या. हेडस्टॉकमध्ये नवा गिअर बसवला, तेल बदलले, स्पिंडलचा नट मामांनी आवळून दिला. वायरिंगला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग केले; त्याला ६,५०० लागले. नवा तीन जॉचा चक ९,६०० चा. समपातळीसाठी गवंड्याची लेव्हल-बाटली उपयोगाची नाही. एका कार्यशाळेतून मीटरला ०.०२ मि.मी. दाखवणारी अचूक लेव्हल दोन दिवसांसाठी मागून आणली. ती बेडवर आडवी ठेवून आधी हेडस्टॉकजवळ, मग टेलस्टॉकजवळ पाहायचे आणि दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी येईपर्यंत पायांखालचे बोल्ट किंचित फिरवायचे. काँक्रीट बसत राहते, म्हणून आठवड्याने पुन्हा तपासले आणि पुन्हा थोडे जुळवावे लागले.

२८ जानेवारी २०२४ ला तोच दोन कॉलरांचा कट पुन्हा घेतला. शंभर मिलिमीटरवर फरक ०.०१५ मि.मी. आला. ऑक्टोबरमध्ये दिसलेला बहुतेक फरक पिळाचा होता, आणि व्हीची झीज माझ्या यादीतल्या कामांना नडणार नव्हती. मामांना फोन करून आकडा सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “आता बोल्टांना हात लावू नका, काम सुरू करा.” तेल आणि किरकोळ वस्तूंचे तीन हजार धरून एकूण खर्च १,५२,०४० रुपये झाला. ६३ आणि ८० दात्यांचे गिअर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हाती आले. त्यांवर पाडलेल्या एम-१० च्या आट्यांवर बाजारचा नट हाताने टोकापर्यंत गेला. मेट्रिक आटे पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) मधे उघडायचा नाही, टूल मागे घेऊन मोटार सावकाश उलटी फिरवून परत यायचे, एवढे पथ्य पाळावे लागते. स्टेडी रेस्ट अजून मिळालेले नाही. त्याचे बीड ओतून घेण्यासाठी लाकडी पॅटर्न सध्या तयार करते आहे.